कंदिलानंतरचे दिवस

१९२४ सालच्या १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात झालेली शस्त्रक्रिया आपल्या राजकीय इतिहासाचा भाग होऊन बसली आहे. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगीत असलेल्या महात्मा गांधींस आंत्रपुच्छाचा तीव्र विकार झाल्याने ससूनमध्ये आणण्यात आले होते. नामदार श्रीनिवास शास्त्री यांस मुद्दाम बोलावून घेण्यात आले. संमतिपत्रावर गांधीजींनी कापऱ्या हाताने सही केली. आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्र चालविले. मध्येच वादळाने विजेचे दिवे गेले व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

बंदिवान राष्ट्रनेता, परकीय सत्तेचा शल्यवैद्य आणि त्या दोघांमध्ये एक कंदील! प्रसंगच असा नाट्यमय की, कथनकार बहुधा येथेच थांबतो. परंतु रोग थांबला नव्हता. पुढे जखमेपाशी गळू झाले आणि प्रकृतीस अपेक्षेपेक्षा सावकाश उतार पडू लागला. पेनिसिलिनचा शोध १९२८ मधला; तेव्हा जखमेची स्वच्छता, शुश्रूषा आणि अखंड नजर हीच काय ती साधने. सरकारने ५ फेब्रुवारीस त्यांस बिनशर्त मुक्त केले व मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूस गेले. शस्त्रक्रिया एका रात्रीची होती. रोग्यास वाचविण्याचे काम अनेक दिवसांचे होते.

शल्यविद्येच्या इतिहासातही हेच घडले आहे. १८४६ मधील ईथर, १८६७ मधील लिस्टरची जंतुनाशक पद्धती, हे सारे विजय शस्त्रक्रियागृहातील. तेथून बाहेर पडलेल्या रोग्याचे काय, हा प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६३ मध्येच मनात आणला होता. काही लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहालगत रोगी सावरेपर्यंत त्यास ठेवण्याची खोली असे, तिची त्यांनी नोंद केली आहे. तथापि ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १९९२ मध्ये अमेरिकेत सिल्बर व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर उपद्रव उद्भवणे हे बव्हंशी रोग्याच्या मूळ प्रकृतीवर अवलंबून असते. पण उद्भवलेल्या उपद्रवातून तो वाचतो की नाही, हे रुग्णालयावर अधिक अवलंबून असते.

ह्या सिद्धान्ताने दैवाकडील पुष्कळसा भार मनुष्याच्या माथी आला. आतील रक्तस्राव किंवा पू क्वचितच मुकाट्याने प्राण घेतो. श्वास जलद होतो, नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो, रोगी भ्रमिष्टासारखा बोलतो. परिचारिकेस हे दिसते; पण तिने कनिष्ठास सांगावे, कनिष्ठाने वरिष्ठास उठवावे की नाही ह्याचा विचार करीत बसावे, आणि तोवर पहाट व्हावी! सिडनीजवळच्या लिव्हरपूल रुग्णालयाने १९९० मध्ये ही उतरंडच मोडली. ठराविक लक्षणे दिसताच परिचारिकेने कोणाचीही परवानगी न घेता तज्ज्ञांच्या पथकास बोलवावे, असा नियम झाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धी व तापमान यांस गुण देण्याची एकच राष्ट्रीय पद्धत घालून दिली. बेरीज वाढली की वैद्याने आलेच पाहिजे. मग रात्र कितीही झालेली असो.

गांधीजींच्या खाटेकडे दुर्लक्ष होणे शक्यच नव्हते. त्यांच्या अंगातील ताप हा साम्राज्याच्या चिंतेचा विषय होता. परंतु आमच्या रिसोडकडचा एखादा शेतमजूर फुटलेले आंत्रपुच्छ घेऊन वाशीमला वा अकोल्याला जातो, तेव्हा त्याच्यासाठी कोणताही नामदार धावत येत नाही. त्याच्या उशाशी बायको असते. ‘हे काहीतरी निराळेच बोलताहेत’ एवढेच ती सांगू शकते. त्या वाक्याने वैद्य खाटेपाशी येतो की ती परत बाकावर बसविली जाते, ह्यावर रुग्णालयाची पारख करावी. थोरांवर जी नजर धाकाने राहते, ती सामान्यांवर नियमाने ठेवणे, ह्याचेच नाव संस्था.