नेपथ्य : मागून पुढे आलेला शब्द

नाटकाच्या जाहिरातीत वेशभूषा, रंगभूषा आणि नेपथ्य यांची श्रेये आज वेगवेगळी छापली जातात. भरताच्या नाट्यशास्त्रात हे सगळे ‘नेपथ्य’ या एका शब्दात मावत होते. पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव हे त्याचे चार प्रकार. पुस्त म्हणजे बांबू, कापड, चामडे यांचे केलेले डोंगर, वाहने, शस्त्रे. आजच्या नेपथ्याचे बीज तिथे आहे. नट सजत ती जागा नेपथ्यगृह. 64 हात लांबीच्या नाट्यमंडपात ती अगदी मागे असे.

स्थळ मात्र मांडले जात नसे. नटाच्या बोलण्यातून आणि रंगपीठावर घातलेल्या फेरीतून ते उभे राही. तरी मागच्या त्या अदृश्य जागेची ताकद कालिदासाने नेमकी ओळखली होती. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप नेपथ्यातून ऐकू येतो. ऋषी दिसत नाही. दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेपर्यंत त्याचा आवाजही पोचत नाही. प्रेक्षक तो ऐकतो आणि तपोवनाची शांतता त्याच्यापुरती संपते.

पुढे मराठी संगीत नाटकात रंगवलेले पडदे आले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवत. महाल, अरण्य, रस्ता यांचे तेच पडदे अनेक नाटकांना चालत. त्यामुळे स्थळ कळे, पण प्रसंगाचा भाव गाण्यावरच सोपवलेला असे.

1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली दाखवली. घरातले साधे बोलणे त्या खोलीत शोभू लागले. 1962 च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच कोर्टातल्या साक्षींवरून आरोपीच्या एकेका सोंगाकडे वळतो, तेव्हा ते फिरणेच त्याच्या बहुरूपीपणाचा पुरावा होते. पण नेपथ्याने सर्वांत मोठी झेप घेतली ती 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. तिथे पुण्याच्या ब्राह्मणांची रांग हीच भिंत आहे. ती पाठ फिरवते तेव्हा मागचे दुष्कृत्य झाकले जाते. दगडी भिंतीवर असा आरोप करता आला नसता.

आज चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात दिसणारी नाटकातली घरे दौऱ्यासाठी सुटी होणारी असतात. प्रयोग संपला की भिंती उतरवून गाडीत चढवल्या जातात. वेशभूषा, रंगभूषा आता निराळ्या झाल्या, नटांच्या सजण्याच्या खोलीला ‘रंगपट’ हे नाव मिळाले, आणि मागच्या खोलीचा शब्द पुढच्या दृश्याला कायमचा चिकटला.