मचाण

मचाण : वन्य प्राण्यांची शिकार, पिकांची राखण किंवा वन्यजीवांचे निरीक्षण यांसाठी झाडावर अथवा खांबांवर उंच बांधलेली बैठक. संस्कृत ‘मंच’ या शब्दाशी तिच्या नावाचा संबंध आहे. शेतात उभारलेल्या अशाच बैठकीस मराठीत ‘माळा’ म्हणतात. ज्वारीचे कणीस भरू लागले, की माळ्यावरून गोफणीने पाखरे हाकतात आणि रात्री रानडुकरांवर नजर ठेवतात. शिकारीचे मचाण हे या माळ्याचेच रानातील रूप होय. दोहोंत भेद एवढाच, की माळ्यावरील राखणदार आपले अस्तित्व जनावरास कळावे म्हणून धडपडतो, तर मचाणावरील शिकारी ते कळू नये म्हणून. या एका भेदातून मचाणाचे सर्व तंत्र आणि त्याविषयीचा नैतिक वादही उद्‌भवला आहे.

प्राचीन उल्लेख : झाडावर बसून शिकार करण्याची रीत भारतात फार जुनी आहे. पाली जातककथांतील कुरुंगमिग जातकात तिचे स्पष्ट वर्णन आढळते. त्यातील शिकारी फळे गळणाऱ्या झाडांखाली जनावरांची पावले शोधतो, तेथेच फांद्यांत बैठक बांधतो आणि फळे खाण्यास आलेल्या हरणांना वरून शक्तीने म्हणजे भाल्याने मारतो. एके दिवशी एक सावध कुरंग शिवणीच्या झाडाजवळ येऊन थबकतो. त्यास भुलविण्यासाठी शिकारी वरून फळे टाकतो. परंतु ती सरळ खाली न पडता आपल्या दिशेने येत आहेत, हे पाहून कुरंग निघून जातो. झाडाची निवड, पावलांचा माग, आमिष आणि उतावळेपणाने होणारी फजिती ही मचाणविद्येची चारही अंगे या छोट्या कथेत आलेली आहेत.

दबा धरून धनुष्याने केलेल्या शिकारीची दोन चित्रे अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहेत. छद्दंत जातकातील सोणुत्तर हा व्याध जमिनीत खड्डा खणून व तो झाकून आत लपतो आणि गजराजावर विषारी बाण सोडतो. श्याम जातकात पाण्यावर येणाऱ्या हरणांसाठी टपलेल्या राजाचा बाण अंध मातापित्यांकरिता पाणी नेण्यास आलेल्या श्यामाला लागतो. वाल्मीकिरामायणातील दशरथाच्या हातून घडलेला मुनिपुत्राचा वधही पाण्याच्या काठीच होतो. घडा बुडण्याचा आवाज त्यास हत्तीच्या पाणी पिण्यासारखा वाटतो. पाणवठ्यावर शिकारीस सर्वांत सोपी संधी मिळते आणि सर्वांत मोठी चूकही तेथेच होते, याची जाणीव या परंपरांत दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात प्राण्यांना अभय दिलेल्या वनांचा उल्लेख आहे, तर अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मात्र मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून सविस्तर वर्णिला आहे.

धनुष्य व भिल्ल : औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा असून त्यांपलीकडे खानदेश लागतो. या डोंगरांत भिल्लांची वस्ती जुनी आहे. ‘भिल्ल’ हे नाव धनुष्य या अर्थाच्या ‘बिल्’ या द्राविडी शब्दापासून आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. भिल्लांचे धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या चिरफळीची असते. अशा धनुष्याचा खात्रीचा पल्ला थोडा असल्याने जनावराच्या अगदी जवळ जावे लागते किंवा जनावर जवळ येईल अशा जागी थांबावे लागते. त्यामुळे धनुर्धराचे खरे बळ बाहूंपेक्षा रानाच्या माहितीत असते. पुढे बंदूकधारी साहेबांनी व संस्थानिकांनी मचाणावर बसून जी शिकार केली, तिच्यामागे बहुधा ही स्थानिक माहितीच उभी होती. माग काढणारे, झाड निवडणारे, मचाण बांधणारे आणि हाका घालणारे हे लोक गावातील असत. शिकारीचे श्रेय व कातडे मात्र वर बसणाऱ्याचे असे.

जागेची निवड : उत्तम मचाण बांधणे हे सुतारकामापेक्षा निरीक्षणाचे काम आहे. प्रथम पाणवठा, जनावरांची पायवाट, झाडांच्या बुंध्यांवरील नखांचे ओरखडे आणि ताजी पावले पाहिली जातात. अजिंठ्याच्या रांगांतील रान शुष्क पानझडी असून त्यात साग पुष्कळ आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. त्याचा सरळ, उघडा बुंधा मचाणास आडोसा देत नाही. त्यामुळे ओढ्याकाठचे जांभूळ, आंबा, उंबर यांसारखे पालेदार व जाड फांद्यांचे झाड पसंत केले जाई. एकट्या झाडापेक्षा झाडोऱ्यातील झाड बरे. कारण त्यावरील बैठक आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही.

दुसरा विचार वाऱ्याचा. वाघाचे घ्राणेंद्रिय तितकेसे तीक्ष्ण मानले जात नाही, परंतु हरिण, सांबर, रानडुक्कर व अस्वल यांना माणसाचा वास दुरूनही येतो. डोंगराळ भागात दिवसा तापलेली हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळनंतर थंड हवा दरीत उतरू लागते. दुपारी योग्य वाटलेली जागा रात्री निरुपयोगी ठरते ती यामुळेच. तिसरा विचार उंचीचा. साधारणतः ४ ते ६ मी. उंची पुरेशी समजत. उंची वाढली, की सुरक्षितता वाढते. पण नेम अधिक तिरपा होतो आणि मर्मस्थान चुकण्याचा संभव असतो.

मचाण दुपारपूर्वी बांधून पुरे करीत. त्यासाठी लागणारे लाकूड व डहाळ्या दुरून तोडून आणीत; त्याच झाडाला घाव घातल्यास पांढरी खूण जनावराच्या नजरेस येते. पुष्कळदा दोरीने विणलेली बाजच फांद्यांत आवळून बांधीत. बसणाऱ्यास तंबाखू, खोकला व हालचाल वर्ज्य असे. झाडाखाली पसरलेला सागाचा वाळलेला पाला चोरपावलांची वार्ता देई, परंतु मचाणाकडे जाणाऱ्या माणसाचाही तो घात करी. रात्रीच्या शिकारीस शुक्ल पक्षाचे दिवस निवडीत. भक्ष्यावर बसणे आणि हाका करवून बसणे हे दोन मुख्य प्रकार होते. पहिल्यात वाघाने मारलेल्या गुरावर अथवा आमिष म्हणून बांधलेल्या रेड्यावर पाळत ठेवीत. दुसऱ्यात हाकेकऱ्यांची रांग ढोल व आरोळ्या यांच्या साहाय्याने जनावरास मचाणाकडे रेटीत असे. पहिल्या प्रकारात धोका मुख्यतः शिकाऱ्यास, तर दुसऱ्यात तो जमिनीवरून चालणाऱ्या हाकेकऱ्यांस असे. जखमी जनावर माघारी वळले, तर त्याच्या वाटेत तेच येत. यास्तव खात्री नसताना गोळी न झाडणे आणि जखमी जनावराचा माग अर्धवट न सोडणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य मानले गेले.

ब्रिटिश काळ व निजामी राजवट : २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या परिसरात हिंडत असता वाघूर नदीच्या दरीतील लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. सोणुत्तर व्याध आणि श्यामाचा राजा ज्या लेण्यात चितारले आहेत, त्याच लेण्यात एका शिकाऱ्याने आपली खूण ठेवावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

त्या काळी युद्धे व दुष्काळ यांमुळे खानदेशातील अनेक गावे ओसाड पडली होती आणि रान वाढून वाघांचा उपद्रव होत होता. १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचा पहिला प्रमुख जेम्स औट्रम हा वाघाच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध होता. भिल्लांचा विश्वास त्याने काही अंशी शिकारीतील सहवासातूनच मिळविला. कन्नडजवळील औट्रम घाटास त्याचेच नाव आहे. डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख हैदराबाद संस्थानात होता. सहावा निजाम मीर महबूब अलीखान (कार. १८६९–१९११) हा वाघाच्या शिकारीचा शौकीन होता आणि संस्थानातील शिकारींची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांनी घेतलेली आहेत. हैदराबाद कंटिंजंट या फौजेत अधिकारी असलेल्या आर. जी. बर्टन याने दख्खनमधील शिकार व वन्यजीवन यांवर १९२८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले.

वनविषयक कायद्यांनी राखीव वने सरकारी मालकीची झाल्यावर शिकार हा परवान्याचा विषय बनला. वनखाते रानाचे गट पाडून ठराविक मुदतीसाठी ते परवानाधारकांस देई. सार्वजनिक मालकीच्या रानात शुल्क भरणारा मचाण बांधू शके. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहणारा व परवाना नसलेला धनुर्धारी गुन्हेगार ठरू लागला.

मचाण हे संरक्षणाचेही साधन होते. रुद्रप्रयाग येथील नरभक्षक बिबळ्यास जिम कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये यात्रामार्गालगतच्या आंब्यावरील मचाणावरूनच मारले. परंतु बंदुकीचा पल्ला वाढला, मोटार व प्रखर दिवे आले आणि मचाणावर रात्र काढण्याची गरजही उरली नाही. त्याच सुमारास शेतीचा विस्तार झाला व रान तुटत गेले. यांच्या एकत्रित परिणामाने मराठवाड्याच्या डोंगरांतून वाघ नाहीसा झाला.

पाश्चात्त्य देशांतील स्थिती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकात धनुष्याने शिकार करण्याची आवड पुन्हा वाढली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी धनुर्धरांना स्वतंत्र हंगाम दिला. तेथे सार्वजनिक वनांत धातूची सुटी मचाणे वापरतात. झाडास खिळे ठोकू नयेत, मुदतीनंतर मचाण काढून न्यावे, असे नियम पुष्कळ ठिकाणी आहेत. मचाणावरून पडणे हा तेथील शिकारीतील नित्याचा अपघात असल्याने कमरेस व खांद्यांस पट्टा बांधण्यावर भर दिला जातो. तेथे हरणांची संख्या मोठी असून शिकारीने ती मर्यादित ठेवता येते. भारतातील परिस्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे.

कायदा व नवे स्वरूप : मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या केंद्रीय कायद्याने वाघासह अनेक प्राण्यांच्या शिकारीस बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी हौशी शिकारही संपुष्टात आली. अनुसूचित जमातींचा शिकारीचा हक्क १९७२ च्या अधिनियमाने फक्त निकोबार बेटांपुरता राखला. वनहक्कांविषयीच्या २००६ च्या कायद्यानेही वन्य प्राण्यांची शिकार करण्याचा व त्यांना सापळ्यात पकडण्याचा परंपरागत हक्क स्पष्टपणे वगळला. रानाच्या ऱ्हासास मुख्यतः कारणीभूत नसलेल्या धनुर्धराचे धनुष्यही अशा रीतीने बंदुकीबरोबरच खाली ठेवले गेले. वन्यजीवांची आजची विरळ संख्या पाहता हा निर्बंध अपरिहार्य म्हटला पाहिजे. परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही तितकेच खरे.

औट्रम घाटाच्या परिसरात १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य स्थापन झाले. छत्रपती संभाजीनगर व जळगाव या जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सु. २६० चौ. किमी. आहे. मार्च २०२१ मध्ये येथील स्वयंचलित कॅमेऱ्यात एका नर वाघाचे छायाचित्र आले. अंगावरील पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किमी. चालून आल्याचे निश्चित झाले. अनेक दशकांनंतर या डोंगरांत वाघाची नोंद झाली, ती कोणीही मचाणावर बसलेले नसताना.

महाराष्ट्रात मचाण अजून वापरात आहे, ते प्राणिगणनेसाठी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर बसून वनकर्मचारी व निसर्गप्रेमी नागरिक येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. २००६ पासून वाघांच्या राष्ट्रीय गणनेत स्वयंचलित कॅमेरे व शास्त्रीय नमुनापद्धती यांचा अवलंब होत असल्याने या नोंदींचे सांख्यिकीय महत्त्व मर्यादित झाले आहे. त्यांचा मुख्य उपयोग लोकशिक्षणाचा आहे. तथापि वाऱ्याची दिशा, पानांचा आडोसा, पाण्याची वाट आणि मौन हे मचाणाचे जुने नियम आजही जसेच्या तसे पाळावे लागतात. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या बुद्धाच्या जन्मतिथीस शिकाऱ्याच्या या बैठकीवरून केवळ मोजदाद व्हावी, हे मचाणाच्या दीर्घ इतिहासातील सर्वांत मोठे परिवर्तन होय.