यंत्राने दिलेले वळण

अक्षराला वळण देतो तो हात, अशी परंपरागत समजूत आहे. आणि बोरूच्या काळापुरती ती खरीही आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असे, म्हणूनच देवनागरी अक्षरांत जाड आणि बारीक रेघांची ती डौलदार जोडी आली. परंतु विसाव्या शतकात अक्षरांचे असे एक घराणे जन्मास आले की ज्याला वळण लावले ते हाताने नव्हे, यंत्राने. संगणकाच्या छपाईयंत्रांची अक्षरे ती हीच.

१९५९ साली आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने ‘१४०१’ हा संगणक जाहीर केला आणि त्याच्या जोडीस ‘१४०३’ हे छपाईयंत्र दिले. मिनिटाला ६०० ओळी आणि ओळीत १३२ अक्षरांपर्यंत जागा, असा त्याचा झपाटा होता. त्यात एक आडवी साखळी अखंड फिरत असे. तिच्यावर २४० खिळे, म्हणजे २६ रोमन अक्षरे, १० अंक आणि १२ इतर चिन्हे यांचे पाच संच. साखळी आणि कागद यांच्यामध्ये शाईची फीत. कागदामागे प्रत्येक स्थानासाठी एक हातोडी. हवे ते अक्षर समोर आले की हातोडी कागदावर आपटे आणि साखळी न थांबताच अक्षर उमटे.

या रचनेत प्रत्येक अक्षराला इंचाचा दहावा भाग, एवढीच जागा. सडपातळ ‘आय’ आणि ऐसपैस ‘डब्ल्यू’ यांना एकाच मापाची खोली! मग ‘आय’ला वर-खाली आडव्या पट्ट्या देऊन जागा भरावयाची आणि ‘डब्ल्यू’ने अंग चोरावयाचे. सौंदर्य थोडे उणावले खरे. पण एकंखाली एकं आणि दहंखाली दहं आपोआप येऊ लागले. पगारपत्रके आणि हिशेबाचे तक्ते यांना याहून अधिक काय हवे होते?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फिरत्या पिंपावर अक्षरे कोरलेल्या छपाईयंत्रांत हातोडीची वेळ चुकली की अक्षर वर-खाली सरके आणि ओळ लाटेसारखी दिसे. साखळीच्या यंत्रात तीच चूक अक्षराला डावी-उजवीकडे सरकवी, आणि ती डोळ्याला फारशी खुपत नसे. चूक नाहीशी झाली नव्हती. तिची दिशा तेवढी बदलली होती.

अशा जुन्या छापील कागदांवरून आज नवे अक्षरवळण घडविणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. भिंगाखाली पाहिले तर एकच ‘ई’ दहा ठिकाणी दहा तऱ्हांचा दिसतो. कोठे फीत झिजलेली, कोठे शाई पसरलेली. एखादा डाग जसाच्या तसा उचलला, तर नव्या लिपीत प्रत्येक ‘ई’वर तोच डाग उमटेल आणि सोंग तत्काळ उघडे पडेल, कारण खऱ्या यंत्राचे डाग असे ठरावीक नसत. म्हणून नियम कोणता आणि अपघात कोणता, याचा विवेक करावा लागतो. समान रुंदी हा नियम; डाग हा अपघात.

हा विवेक मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. प्रचलित नागरी टंकलेखनयंत्रावर भ, ध, श यांसारखी अक्षरे काना वेगळा टंकून पुरी करावी लागत. छपाई आणि टंकलेखन सुलभ व्हावे, याही हेतूने स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला होता. यंत्रासाठी लिपीने किती वाकावे, हा त्या काळी जिव्हाळ्याचा प्रश्न होता. आज संगणक कोणतेही जोडाक्षर बिनतक्रार उमटवितो. समान रुंदीची अक्षरे आता कोणावर लादलेली नाहीत. आकड्यांचे रकाने नीट जुळावेत म्हणून ती निवडली जातात. सक्ती गेल्यावरही जे उपयोगी ठरले, तेवढेच त्या जुन्या यंत्राचे खरे देणे होय.