वायपरचे रबर : एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास

इतिहास लिहिणारांची दृष्टी बहुधा मोठ्या वस्तूंवर खिळलेली असते. आगगाडी, तारायंत्र, मोटार, विमान यांच्या जन्मकथा शाळेतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु ज्या लहानसान अवयवांवाचून या यंत्रांचा उपयोग निर्धोकपणे करता येत नाही, त्यांची वार्ता सहसा कोणी विचारीत नाही. मोटारीच्या समोरील काचेवरचे पाणी निपटून काढणाऱ्या वायपरचे रबर हा असाच एक अवयव होय. हातभर लांबीची व बोटाहूनही बारीक अशी ही पट्टी. परंतु पावसाळी रात्री गाडीतील सर्वांचे प्राण तिच्या धारेवर अवलंबून असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिची हकीकत नगर जिल्ह्याच्या अनुषंगाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. पावसाची ओढ असणाऱ्या या मुलखात पावसाच्या उपकरणाची जी आबाळ होते, ती विचार करण्याजोगी आहे.

या शोधाचा मान अमेरिकेच्या अलाबामा संस्थानातील मेरी अँडरसन या बाईंकडे जातो. हिवाळ्यात न्यूयॉर्क शहरी गेल्या असता, काचेवर हिम साचून ट्रामच्या चालकास पुढचे दिसेना व त्याची कशी तारांबळ होते, हे त्यांनी पाहिले. आतून दांडा फिरवावा व बाहेर काचेवर रबराचे पाते फिरावे, अशी युक्ती त्यांनी काढली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे पेटंट त्यांस मिळाले. पुढे १९०५ साली कॅनडातील एका व्यापारी पेढीने ‘यात पैसा नाही’ अशा अर्थाचा निर्वाळा देऊन तो शोध विकत घेण्याचे नाकारिले. पेटंटची मुदत १९२० साली संपली, आणि मोटारींचा सुळसुळाट खरा झाला तो त्यानंतर! बाई १९५३ साली निवर्तल्या. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानमंदिरात त्यांचे नाव लागले ते २०११ साली. दरम्यान १९१७ साली बफेलो शहरी जॉन ओइशे या गृहस्थाने, पावसात आपल्या मोटारीचा एका सायकलस्वारास धक्का लागल्यानंतर, हाताने फिरवावयाच्या अशाच रबरी पुसणीचा धंदा आरंभिला व तो भरभराटीस आणिला.

हाताची जागा लवकरच यंत्राने घेतली. अनेक अमेरिकन गाड्यांत इंजिनाच्या शोषणशक्तीवर वायपर चालविण्याची सोय होती. तीत दोष असा की, चढावर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ती शक्ती उणावे आणि पाते मंदावे किंवा जागच्या जागी थबके. म्हणजे घाटात, ऐन पावसात, नेमकी गरज असतानाच! विजेच्या मोटरीने ही अडचण दूर केली. परंतु दांडी कोणत्याही शक्तीने हलो, काचेला लागते ते शेवटी रबरच.

या रबराचा गुण व दोष त्याच्या प्रकृतीतच आहेत. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली. असे रबर लवचीक राहते. म्हणून पाते दिशा बदलते तेव्हा त्याची धार दर खेपेस उलट बाजूस कलते व पाणी ओढून नेते. परंतु ऊन व हवेतील ओझोन वायू रबरास हळूहळू पोखरतात. ते कडक होते, त्यास बारीक चिरा पडतात. मग धार कलत नाही. पाते काचेवर थडथडते आणि पाण्याचे पट्टे मागे ठेविते. कृत्रिम रबर यास अधिक तोंड देते, परंतु अमर तेही नाही.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. शहर १४९० साली वसले. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. मोटारीच्या इतिहासात त्याचे एक स्थान आहे. मुंबई सरकारच्या राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुण्याहून नगरास. मृग नक्षत्र तेव्हा अवघे आठवड्यावर होते. वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा अवर्षणप्रवण जिल्हा. मात्र पश्चिमेस अकोले तालुक्यात, भंडारदऱ्यापलीकडील घाटघर व रतनवाडी येथे तोच पाऊस कित्येक हजार मिलिमीटर कोसळतो. एकाच गाडीस सकाळी पाथर्डीकडील कोरडा फुफाटा व सायंकाळी रतनवाडीचे धुके आणि मुसळधार सर गाठता येते.

पाऊस थोडा म्हणून रबर अधिक टिकेल, असे कोणासही वाटेल. परंतु घडते विपरीत. येथे रबर झिजून मरत नाही, तर वाळून मरते. आठ महिने ते उन्हात तापलेल्या काचेस चिकटून पडलेले असते. वर धुळीचा थर बसतो. कोणी ती कोरडी धूळच वायपरने झाडतो, त्यामुळे धार बोथट होते व काचेवर ओरखडे उठतात. त्याची आठवण होते ती पहिल्या वळवाच्या सरीत, आणि तेव्हा रस्त्यावर दुकान नसते. मग काचेवर ओली तंबाखू घासण्याचा जुना चालकी उपाय! त्याने पाण्याचे थेंब पसरतात व क्षणभर दिसते, इतकेच.

वस्तुतः उपाय स्वल्प आहे. मेस्त्रीकडे जाण्याचेही कारण नाही. दांडी उचलावी, ती सुटून काच फोडू नये म्हणून खाली जाड फडके ठेवावे. पुष्कळ गाड्यांत पाते तेच ठेवून नुसते रबर बदलता येते. जुने रबर चिमट्यांतून सरकवून काढावे, त्याच्या बाजूच्या दोन पोलादी पट्ट्या पूर्वीच्याच बाकाने नव्या रबरात बसवाव्या, लांबी जुळवून ते परत सरकवावे व टोक अडकले की नाही ते पाहावे. एरवी ओल्या फडक्याने धार पुसावी, रॉकेल अथवा तेल लावू नये. आणि गाडी साधेल तेव्हा सावलीत उभी करावी.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत कार्यक्षम वायपर असावा असे बंधन आहे. परंतु नियम प्रत्येक दारी जाऊन रबर चाचपून पाहत नाही. शोध एकदा लागतो व त्याची तारीख ग्रंथांत नोंदली जाते. निगा मात्र वर्षानुवर्षे राखावी लागते, आणि तिची नोंद कोठेच होत नाही. आमच्या जिल्ह्यातील कुणब्यास हे शिकवावे लागले नाही. मृगापूर्वी तो धाब्यावर पांढरी माती टाकतो, औते दुरुस्त करतो; मग पाऊस येवो वा न येवो. मोटार बाळगणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनी त्याच सुमारास पाच मिनिटे त्या हातभर रबरासाठी काढावी, एवढेच आमचे सांगणे आहे.