मंगळवार, दुपारी २:४१

१४ मार्च २०१७ : विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट देते. महिन्याभरात त्यातून घुसणारे ‘इटर्नलब्लू’ हत्यार चव्हाट्यावर येते, मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस धुमाकूळ घालतो. तरी कित्येक कचेऱ्यांत ‘अपडेट नंतर बघू’ चालूच.

२७ जून, दुपारी २:४१ (भारतीय वेळ) : युक्रेनच्या ‘एम.ई.डॉक’ या करहिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर हल्लेखोर आपल्या यंत्राकडे वळवतात. मर्स्क या जहाज कंपनीच्या ओडेसातल्या एका संगणकावर हे सॉफ्टवेअर आहे.

दुपारी ४ : त्याच वाटेने ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटतो आणि आसपासच्या संगणकांची ४४५ क्रमांकाची पोर्ट ठोठावतो. एरवी नेटवर्क कार्ड आलेले पॅकेट मेमरीत टाकते, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ते तपासतो, पोर्ट पाहून योग्य सॉकेटच्या रांगेत ठेवतो आणि झोपलेल्या ॲप्लिकेशनला उठवतो. मजकूर वाचायचा तो ॲप्लिकेशनने. जसा सोसायटीचा वॉचमन पार्सल फ्लॅटवर पोचवतो, फोडत नाही. पण विंडोजमध्ये ४४५ वर फाइल-शेअरिंगसाठी बसलेला ‘एसआरव्ही डॉट सिस’ हा ड्रायव्हर खुद्द कर्नलचाच भाग. वेग मिळावा म्हणून पार्सल फोडायचे कामही वॉचमनकडेच! फाइलच्या गुणधर्मांची जुन्या ओएस/२ घाटणीची यादी वाचताना तो ३२ बिटांच्या आकड्याचे फक्त १६ बिट बदलतो. जागा कमी धरली जाते, मजकूर जास्त ओतला जातो आणि शेजारच्या मेमरीत सांडतो. हेच ते मार्चमधले भगदाड : परक्याचा कोड थेट कर्नलच्या अधिकाराने चालू लागतो. दुरुस्ती केलेली यंत्रेही सुटत नाहीत. त्यांच्यासाठी चोरलेले पासवर्ड आहेत.

पुढचा तास : लागण झालेली यंत्रे दहा ते साठ मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होतात. पडद्यावर डिस्क तपासणीचे नाटक, मग ३०० डॉलरची मागणी. पैसे भरूनही डेटा परत मिळायची सोय नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास : सर्व्हरचे वळण काढले जाते. त्याची आता गरजही नाही.

रात्र : न्हावा शेवा बंदरात मर्स्क समूहाचे जीटीआय टर्मिनल ठप्प. वसईच्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला निर्यातीचा माल याच बंदराची वाट धरतो. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच बंद, म्हणून कर्मचारी हाताने काम रेटू पाहतात. बंदरातली बाकीची टर्मिनले मात्र चालू राहतात.

मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. ज्यात हे भगदाड होते ती फाइल-शेअरिंगची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी नव्या विंडोज १० मधून हद्दपार करायला घेतली. नव्या पद्धतीतही मजकूर वाचतो कर्नलच. मार्च २०२० मध्ये ‘एसएमबीघोस्ट’ हे नवे भगदाड तिथेच सापडले.