गटाला गुण कोण देणार?

राज्यशास्त्र घेऊन पदवी करणाऱ्या आमच्या चिचगड-देवरीकडच्या मुलामुलींपुढे आता एक नवी अडचण आहे. राज्य सरकारचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेले नवे शैक्षणिक धोरण, यांमुळे क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले. असे प्रकल्प बऱ्याचदा गटानेच होतात. एक राबतो, चौघे नाव लावतात आणि गुण सगळ्यांना सारखे पडतात. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ती खरीच आहे. पण तिच्यामागचा प्रश्न गुणांहून जुना आहे. एकत्र बसून ठरवणे ही गोष्ट शिकवता येते का, आणि येत असेल तर ती तपासायची कशी?

चिचगड ही मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याची एक जमीनदारी होती. तिथे ठरवणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. १९५१ मध्ये जमीनदारी गेली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान पार पडले. मत देण्याचा हक्क आला, पण ठरवण्याची सवय काही कायद्याने येत नाही.

हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. १९५४ मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. या पराभवानंतर दोन वर्षांनी, १ जुलै १९५६ रोजी, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. श्री. शां. शं. रेगे तिचे प्राचार्य होते. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि शाळाही फार काळ टिकली नाही. संसदीय लोकशाही चालवायला माणसे घडवावी लागतात, ती आपोआप घडत नाहीत, ही त्यामागची जाण मात्र आजही जुनी झालेली नाही.

त्याच जाणिवेचे दुसरे रूप आमच्या शेजारच्या गडचिरोलीत दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांबरोबर अभ्यासगटाची रीत रुजवली. तिची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. अभ्यासगट माहिती गोळा करतो, कायदा वाचतो, बाहेरच्या जाणत्यांशी बोलतो; पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीचा. बहुमताने मागे पडलेला माणूस तिथे उरत नाही, कारण त्याची शंका मिटल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय पाळला जातो. अभ्यासातूनच मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धत आली. याच सवयीच्या बळावर वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आता गुणांकडे येऊ. मेंढ्यात कोणी कोणाला गुण देत नाही. पण तपासणी होते. अभ्यासगटात कोण काय बोलला, हे ग्रामसभेत सर्वांसमोर येते. अभ्यास कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. महाविद्यालयातल्या गटात नेमके हेच नसते. गट अहवाल लिहितो, शिक्षक तो वाचतात, आणि मधली देवघेव कोणाला दिसतच नाही. घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुलगी गावात माहिती मिळवते, मात्र सादरीकरणात तिचा आवाज ऐकू येत नाही. गुण तोंडाळाला मिळतात.

म्हणून माझे मत असे. अहवालाचे गुण गटाला द्यावेत; पण निम्मे तरी प्रत्येकाच्या स्वतःच्या नोंदवहीवर असावेत. मी काय विचारले, कोणाशी मतभेद झाला, माझे मत का बदलले, हे तिच्यात लिहिलेले हवे. सादर कोण करणार ते आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरावे. आणि ज्या गावाचा अभ्यास केला, त्या गावासमोर तो एकदा वाचला जावा.

देवरी तालुक्यातील गावांतही सामूहिक वनहक्क आले आहेत, ग्रामसभा भरतात, तेंदूपानाचे हिशेब मांडले जातात. आमचा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसाचे कवच इथल्या ग्रामसभांना नाही. त्यांना अभ्यासाची गरज जास्तच. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथे शिकायला आणि मदतीला जावे. गावाने 'हे बरोबर नाही' म्हटले, तर तोही एक गुणच आहे. तो गुणपत्रिकेत येत नाही इतकेच.