सांडपाण्यावर पोसलेले पक्षितीर्थ

म्युनिकच्या उत्तरेस इसार नदीकाठी वसलेले गार्चिंग अणुभट्टी, विद्यापीठ आणि खगोलशास्त्राच्या संस्था यांमुळे विख्यात झाले असले, तरी सप्टेंबरच्या आरंभी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून सायकलने नदीचा पूल ओलांडणाऱ्या पक्षिनिरीक्षकाला या वैभवाशी काहीच कर्तव्य नसते. त्याची वाट पैलतीरी इस्मानिंगच्या जलाशयाकडे जाते. हा जलाशय निसर्गाने दिलेला नव्हे, हे मात्र त्याने ध्यानात ठेवावे. पहिल्या महायुद्धानंतर इसारच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची तजवीज झाली, नदीला समांतर कालवा खोदला गेला, आणि त्याच योजनेत १९२९ च्या सुमारास सुमारे सात किलोमीटर लांबीचा हा साठवण तलाव भरला. कागदोपत्री ही सारी विजेची व्यवस्था होती. पक्ष्यांचा उल्लेख जमाखर्चाच्या कोणत्याच बाजूला नव्हता.

त्यात भर पडली म्युनिकच्या सांडपाण्याची. शहराचे मैलापाणी जुजबी निवळून, त्यात नदीचे पाणी मिसळून ते तलावालगतच्या तळ्यांत सोडावे आणि त्यावर कार्प मासे पोसावेत, अशी ती काटकसरी युक्ती होती. या सकस, किंचित दुर्गंधी गाळात कीटकांच्या अळ्या माजल्या, अळ्यांमागे बदके आली, आणि नगरपालिकेच्या गटारकामातून मध्य युरोपातील एक श्रेष्ठ पाणवठा निर्माण झाला. सरकारी खात्यांच्या हातून असे पुण्य बहुधा नकळतच घडते!

बदकांना या पाण्याचे आकर्षण केवळ अन्नापुरते नाही. विणीनंतर बदकांच्या पंखांतील उड्डाणपिसे एकाच वेळी गळून पडतात, आणि नवी पिसे येईपर्यंतचे तीन-चार आठवडे त्यांना मुळीच उडता येत नाही. अशा पंगू अवस्थेत विस्तीर्ण, निर्धोक आणि अन्नसमृद्ध पाणी हाच त्यांचा किल्ला. म्हणून उन्हाळ्यात शेंडी बदके, लालसरी आणि मोठी लालसरी दूरदूरच्या प्रदेशांतून हजारोंच्या संख्येने येथे येतात. शरदाच्या तोंडावर काठच्या दगडांना करड्या पिसांची झालर चिकटलेली दिसते, आणि एखादे बदक पाण्यावर उभे राहून नवे पंख फडफडवते, चार हात धावते, पुन्हा बसते. शेजारी कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी मात्र या खटाटोपाकडे ढुंकूनही न पाहता शेवाळ खात असतात.

तरीही निव्वळ पाण्याने आणि पिसांनी या जागेला इतिहास लाभला नसता. वाल्टर व्युस्ट या पक्षिशास्त्रज्ञाने तलाव नवा असल्यापासून येथील पक्ष्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि ती कित्येक दशके चिकाटीने चालवली. बव्हेरियाच्या पक्ष्यांवरील त्याचा द्विखंडी ग्रंथ अशाच नोंदींच्या परंपरेतून उभा राहिला. या दफ्तराच्या बळावर जलाशयाचे महत्त्व सिद्ध करता आले, आणि १९७६ मध्ये पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. पुढे सांडपाण्याचे शुद्धीकरण सुधारले, गाळातील सकसपणा ओसरला, पाणवनस्पती वाढल्या आणि बदकांच्या जातींचे परस्परप्रमाण पालटले. स्वच्छतेने काही पक्ष्यांचे ताट ओढून घेतले, हे कटू असले तरी खरे आहे.

गार्चिंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तरेकडील माळाची कथा याच्या उलट आहे. हिमयुगातील गोट्यांवर मातीचा पातळ थर आणि त्यावर शतकानुशतके मेंढ्यांची चराई, यांतून घडलेला तो माळ नांगराखाली जाऊ लागला, तेव्हा बव्हेरियाच्या वनस्पतिप्रेमी मंडळाने १९०८ मध्ये त्याचा उरलासुरला तुकडा रोख पैसे मोजून विकत घेतला. तेथे हेतू होता, तलावापाशी योगायोग.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचा पाणवठाही गोदावरीवरील पाटबंधाऱ्याच्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झाला, आणि महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव २०२० च्या आरंभी जाहीर झाले. तेथे हिवाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी केवळ छायाचित्रे काढून न परतता तारीख, पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची मोजदाद वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही पुढच्या वर्षीही चालू ठेवावी.